मार खातानाचा डाव

फायटिंग गेममध्ये दोन खेळाडू, दोन पात्रे आणि पडद्याच्या वरच्या कडेला दोघांच्या जिवाच्या दोन पट्ट्या असतात. एकाची पट्टी संपली की फेरी संपते. या खेळात सर्वात नजरेत भरतो तो कॉम्बो. एक फटका लागतो, त्यातून सावरण्याआधी दुसरा बसतो आणि दुसऱ्यातून सावरण्याआधी तिसरा. फटका लागलेले पात्र क्षणभर बधिर होते. त्या काळात त्याला हलता येत नाही आणि फटका अडवताही येत नाही. पुढचा फटका हा बधिरपणा ओसरण्याआधी पोहोचला तर साखळी तुटत नाही. पाहणाऱ्याला वाटते, ज्याला मार पडतो आहे त्याने आता बटणांवरची बोटे काढून घ्यावीत. साखळी संपेपर्यंत त्याच्या हाती काही नाही.

बऱ्याच गेममध्ये हा समज चुकीचा ठरतो. मार खाणाऱ्यालाही मधूनच सुटण्याची वाट दिलेली असते, मात्र ती फुकट नसते. सुटकेचा प्रयत्न फसला तर आधीपेक्षा जास्त मार पडतो. ही वाट आहे हे मारणाऱ्यालाही ठाऊक असते, म्हणून तो तिथेच सापळा लावतो. त्यामुळे वरवर एकतर्फी दिसणाऱ्या त्या दोन-तीन सेकंदांत दोघेही एकमेकांचे मन वाचण्याचा प्रयत्न करत असतात. स्पर्धेत खेळणाऱ्यांच्या कौशल्याचा मोठा भाग याच सेकंदांत पणाला लागतो.

साखळीचा जन्म

जपानच्या कॅपकॉम कंपनीचा ‘स्ट्रीट फायटर २’ १९९१ मध्ये आला. आज ज्याला फायटिंग गेम म्हणतात त्याचा साचा या गेमने घातला. पण त्यातला कॉम्बो कुणी ठरवून घातलेला नव्हता. निर्माते नोरिताका फुनामिझु बोनस फेरीतला मोटार फोडण्याचा भाग तपासत होते. एका फटक्याच्या मागोमाग दुसरा फटका बसवता येतो, हे तेव्हा त्यांच्या लक्षात आले. त्यासाठी वेळ इतकी अचूक साधावी लागत होती की खेळाडूंना ती सहज जमेल असे वाटत नव्हते, म्हणून ती गोष्ट तशीच राहू दिली गेली. खेळाडूंनी ती शोधून काढली आणि तिच्यावर हात बसवला. १९९३ च्या ‘सुपर स्ट्रीट फायटर २’ मध्ये सलग फटक्यांचा आकडा पडद्यावर झळकू लागला. चुकून आलेला कॉम्बो तोवर खेळाचा कणा झाला होता.

त्यातून एक अडचण उभी राहिली. कॉम्बो जितका लांब, तितका वेळ एक खेळाडू नुसता बसून राहणार. यावर पहिला उपाय आकड्यांचा होता. साखळीतल्या प्रत्येक पुढच्या फटक्याचा मार कमी कमी करत न्यायचा. अशाने नुकसान आटोक्यात राहते, पण बसून राहणे काही टळत नाही.

दुसरा उपाय ब्रिटनच्या रेअर या कंपनीने १९९४ मध्ये ‘किलर इन्स्टिंक्ट’ या गेममध्ये आणला. या गेममधले कॉम्बो तोवरच्या मानाने फारच लांबलचक होते, आणि त्यांच्या जोडीलाच ते मध्येच तोडण्याची सोय होती. ती साधली की गेममधला घोषक ‘कॉम्बो ब्रेकर’ अशी आरोळी ठोकत असे. ही आरोळी पुढे गेमच्या बाहेरही पसरली. इंटरनेटवर ती विनोदाचा भाग झाली आणि शिकागोजवळ भरणाऱ्या एका मोठ्या फायटिंग गेम स्पर्धेने तेच नाव घेतले.

किंमत नसेल तर डाव नाही

सुटका फुकट आणि खात्रीची असेल तर कोणताच कॉम्बो पुरा होणार नाही आणि पहिला फटका मारण्याला अर्थ उरणार नाही. सुटका मुळीच नसेल तर मार खाणारा प्रेक्षक होऊन बसतो. म्हणून गेम रचणारे सुटकेला किंमत लावतात. किंमत किती आणि ती कशी वसूल करायची, यावर त्या गेममधल्या बचावाचा स्वभाव ठरतो.

कबड्डीत हेच नाते दिसते. चढाई करणाऱ्याला पकडायला पुढे झेपावलेला खेळाडू पकड फसली तर स्वतः बाद होतो. मागे राहिला तर चढाई करणारा कदाचित हात हलवत परत जातो, कदाचित बोनस घेऊन जातो. झेप घेण्यात धोका असतो आणि न घेण्यातही असतो.

फायटिंग गेममध्ये ही किंमत साधारण तीन प्रकारे घेतली जाते. पहिल्या प्रकारात अंदाज चुकला की शिक्षा होते. दुसऱ्यात सुटका मोजक्याच वेळा मिळते, एकदा वापरली की ती पुन्हा हाती येण्याची वाट पाहावी लागते. तिसऱ्यात हल्ल्यासाठी साठवलेली शक्ती बचावात खर्ची पडते.

‘किलर इन्स्टिंक्ट’मधली एक साखळी

पहिल्या प्रकाराचे सर्वात घोटीव रूप २०१३ मध्ये एक्सबॉक्स वन या कन्सोलसोबत आलेल्या नव्या ‘किलर इन्स्टिंक्ट’मध्ये सापडते. तो डबल हेलिक्स या स्टुडिओने केला आणि पुढे आयर्न गॅलॅक्सीने वाढवला. त्यात सहा बटणे आहेत, तीन ठोशांची आणि तीन लाथांची. हलका, मध्यम आणि जड अशा त्यांच्या तीन जाती. कॉम्बोचेही ठरलेले टप्पे आहेत. सुरुवात करणारा फटका म्हणजे ओपनर, मधले दुवे म्हणजे ऑटो-डबल आणि लिंकर, आणि शेवटचा फटका म्हणजे एंडर. ओपनर आणि एंडर तोडता येत नाहीत. तोडायचे ते मधले दुवे.

तोडण्याचा नियम सरळ आहे. मधला दुवा ज्या जातीचा असेल त्याच जातीचा ठोसा आणि लाथ एकाच वेळी, योग्य क्षणी दाबायची. जात ओळखली आणि वेळ साधली तर साखळी तुटते. जात चुकली किंवा वेळ चुकली तर तीन सेकंदांचा लॉकआउट लागतो, म्हणजे तेवढा काळ ब्रेकरचा दुसरा प्रयत्नच करता येत नाही. लॉकआउटची खूण पडद्यावर उमटते आणि ती मारणाऱ्यालाही दिसते. आता तो बिनधास्त जड फटके वापरू शकतो.

समजा, जागो या पात्राची विंड किक ऑर्किड या पात्राला लागली. हा झाला ओपनर. पुढे जागो चालवणाऱ्याने जड ऑटो-डबल वापरला तर नुकसान जास्त होते, पण त्याची हालचाल लांबलचक असल्याने ऑर्किड चालवणाऱ्याला ती ओळखायला वेळ मिळतो. हलका ऑटो-डबल वापरला तर मार कमी पडतो, पण तो इतक्या चटकन उरकतो की डोळ्यांनी पाहून तोडणे जवळपास अशक्य. लिंकरमध्ये हलक्याचा एक, मध्यमाचे दोन आणि जडाचे तीन फटके दिसतात. म्हणजे जास्त मार हवा असेल तर जास्त माहिती उघड करावी लागते, आणि माहिती लपवायची असेल तर कमी मारावर समाधान मानावे लागते.

त्यात भर म्हणजे साखळी चालू असताना होणारे बरेचसे नुकसान कच्चे असते. ते एंडर मारल्यावरच पक्के होते. मध्येच ब्रेकर बसला तर कच्चे नुकसान हळूहळू भरून निघते. साखळी अमर्याद लांबवताही येत नाही. एक मोजपट्टी भरत जाते, आणि ती पूर्ण भरली की साखळी आपोआप फुटते आणि कच्चे नुकसान वाया जाते. त्यामुळे जागो चालवणाऱ्यापुढे प्रत्येक दुव्याला तोच प्रश्न येतो. आहे ते एंडर मारून पदरात पाडून घ्यायचे, की आणखी एक दुवा जोडून मोठा घास घ्यायचा? ओपनर, एकच दुवा आणि लगेच एंडर अशी आखूड साखळी केली तर समोरच्याला तोडण्याची एकच संधी मिळते. लांबवली तर लाभ वाढतो आणि समोरच्याच्या संधीही वाढतात.

इथवर बचाव करणाऱ्याला फक्त जात आणि वेळ ओळखायची होती. गेमने त्यावर आणखी एक थर चढवला आहे तो काउंटर-ब्रेकरचा. मधला दुवा चालू असताना मारणारा मध्यम ठोसा आणि मध्यम लाथ एकत्र दाबून हूल देतो. त्याच क्षणी समोरच्याने ब्रेकरचा प्रयत्न केला तर तो सापळ्यात सापडतो, त्याला लॉकआउट लागतो आणि मार पुढे चालू राहतो. समोरच्याने काहीच केले नाही तर हूल फुकट जाते, साखळी सुटते आणि मारणारा स्वतःच उघडा पडतो. सुटकेचे बटण न दाबणे ही इथे एक चाल ठरते, आणि काही वेळा तीच सर्वात भारी चाल असते.

आकड्यांत मांडलेला धोका

या पेचाचा हिशेब मांडता येतो. अशा खेळांचे गणित जॉन फॉन नॉयमन यांनी १९२८ मध्ये सिद्ध केले. एकाचा फायदा तोच दुसऱ्याचा तोटा असेल, तर दोघांनाही चाली ठरावीक प्रमाणात मिसळून खेळण्याचा एक सर्वोत्तम मार्ग असतो, हा त्याचा गाभा. तो कॉम्बोला लावून पाहण्यासाठी सोयीचे आकडे घेऊ. पूर्ण जीव १०० गुणांचा, आणि दुव्याची जात बचाव करणाऱ्याने ओळखली आहे असे समजू.

मारणारा साखळी चालू ठेवतो आणि समोरचा गप्प राहतो, तर मारणाऱ्याचा लाभ २०. साखळी चालू आणि समोरच्याने ती तोडली, तर लाभ शून्य. मारणाऱ्याने हूल दिली आणि समोरचा फसला, तर लाभ ४०. हूल दिली आणि समोरचा गप्प राहिला, तर मारणारा उघडा पडून उलट २० गुणांचा मार खातो.

या आकड्यांवरून उत्तर असे निघते. मारणाऱ्याने चारपैकी तीनदा साखळी चालू ठेवावी आणि एकदा हूल द्यावी. बचाव करणाऱ्याने निम्म्या वेळा तोडावे आणि निम्म्या वेळा गप्प राहावे. असे खेळल्यास मारणाऱ्याला सरासरी १० गुण मिळतात आणि दोघांपैकी कुणीही एकट्याने आपली पद्धत बदलून आपला फायदा वाढवू शकत नाही. यातली लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट ही की दुव्याची जात ओळखलेली असूनही निम्म्या वेळा न तोडणेच शहाणपणाचे ठरते. दिसले की तोड, असे नेहमी करणाऱ्याला मारणारा दर वेळी हूल देऊन ४० गुण घेईल.

आता बचाव करणाऱ्याचा जीव फक्त २० उरला आहे असे धरू. त्याला संपवायला २० पुरेसे आहेत, त्यामुळे यशस्वी हुलीचा लाभ ४० वरून २० वर येतो. हिशेब पुन्हा मांडला की बचाव करणाऱ्याने तीनपैकी दोनदा तोडावे आणि मारणाऱ्याने तीनपैकी एकदा हूल द्यावी, असे निघते. हुलीचे बक्षीस कमी झाले, तरी हूल देण्याचे प्रमाण वाढले. कारण गप्प बसणे आता बचाव करणाऱ्याला परवडत नाही, आणि तो तोडायला जाणार हे मारणाऱ्याला कळते. अनुभवी खेळाडू हे गणित मांडत बसत नाहीत, पण जीव कमी असलेल्या प्रतिस्पर्ध्याला हूल देण्याची त्यांची सवय याच हिशेबाशी जुळते.

डोळ्यांची मर्यादा

बहुतेक फायटिंग गेम सेकंदाला ६० चौकटींच्या वेगाने चालतात. एक चौकट म्हणजे सुमारे १७ मिलिसेकंद. डोळ्यांनी काही पाहून बोट हलवायला माणसाला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात, म्हणजे १२ ते १५ चौकटी. पडदा आणि यंत्र आपला वेळ घेतात तो वेगळाच. जो फटका याहून लवकर उरकतो तो पाहून ओळखणे कुणालाही शक्य नसते. तिथे अंदाजच बांधावा लागतो.

म्हणून बचावाचे दोन भाग पडतात, पाहून करण्याचा आणि ओळखून घेण्याचा. जड, लांब हालचाली पाहून तोडता येतात. त्या सरावाने जमतात आणि तिथे चुकणे म्हणजे तयारी कमी पडणे. हलक्या, झटपट हालचालींना आधीच ठरवून प्रतिसाद द्यावा लागतो. तीन जातींपैकी एक नुसती आंधळेपणाने निवडली तर तीनदा प्रयत्न केल्यावर सरासरी एकदाच यश येते, आणि दोनदा लॉकआउट. हे प्रमाण वाढवायचे तर समोरच्याची सवय वाचावी लागते. हा खेळाडू पहिल्या दुव्याला नेहमी काय वापरतो? त्याचा मागचा दुवा तोडला गेला असेल तर पुढच्या वेळी तो हलक्यावर जातो का? मारणाऱ्यालाही हे ठाऊक असते, म्हणून तो सुरुवातीला मुद्दाम एक सवय दाखवतो आणि मोक्याच्या वेळी ती मोडतो.

मोजकीच सुटका

‘गिल्टी गियर’ ही जपानच्या आर्क सिस्टिम वर्क्सची मालिका. तिच्या २००२ च्या ‘गिल्टी गियर एक्स एक्स’मध्ये बर्स्ट आला. मार खाताना बर्स्ट वापरला की पात्राभोवती स्फोट होतो आणि मारणारा दूर फेकला जातो. जात ओळखण्याची कटकट नाही. पण बर्स्टची एक पट्टी असते. एकदा वापरल्यावर ती सावकाश भरते, आणि एका सामन्यात ही संधी मोजक्याच वेळा हाती येते.

इथे जुगार काळाचा होतो. पहिल्या फेरीतल्या साध्या कॉम्बोला बर्स्ट वापरून टाकला तर निर्णायक फेरीत हात रिकामे. जपून ठेवला तर कदाचित वापरण्याआधीच फेरी जाते. साखळीच्या सुरुवातीला वापरला तर जास्त नुकसान वाचते, पण मारणाराही तिथेच सावध असतो. तो साखळीत अशी जागा ठेवतो, की एक फटका मारून लगेच उडी घ्यायची किंवा अडवण्याच्या पवित्र्यात यायचे. त्याच क्षणी बर्स्ट आला तर तो वाया जातो, आणि बर्स्ट करणारे पात्र हवेतून खाली येईपर्यंत असहाय असते. मग नवा कॉम्बो सुरू होतो, तोही समोरच्याकडे बर्स्ट नाही याची खात्री झालेली असताना.

अमेरिकेत झालेल्या ‘स्कलगर्ल्स’ने २०१२ मध्ये याला वेगळे वळण दिले. साखळीत तोच तोच क्रम पुन्हा वापरला जातो आहे असे गेमने ताडले, की मार खाणाऱ्याला बर्स्टची मुभा मिळते. अखंड चालणारे कॉम्बो रोखण्यासाठी केलेली ही सोय. पण चतुर खेळाडू मुद्दाम क्रम पुन्हा वापरतात, बर्स्टची मुभा जागी करतात, समोरचा घाईने बटण दाबेल याची वाट पाहतात आणि तो बर्स्ट अडवून नवी साखळी सुरू करतात.

‘मॉर्टल कॉम्बॅट’ मालिकेत किंमत वेगवेगळ्या चलनांत मोजली गेली. २००४ च्या ‘डिसेप्शन’मध्ये एका सामन्यात तीनच ब्रेकर मिळत. २०११ च्या गेममध्ये ब्रेकरसाठी शक्तीच्या तीन कप्प्यांपैकी दोन खर्च करावे लागत. त्याच कप्प्यांवर विशेष फटके जोरदार करता येतात, आणि तिन्ही भरले तर एक्स-रे हा सर्वात भारी हल्ला मिळतो. त्यामुळे ब्रेकर वापरणारा आजचा मार टाळतो, पण आपलाच उद्याचा हल्ला विकून बसतो. काही वेळा पूर्ण कॉम्बो खाऊन कप्पे राखणेच फायद्याचे पडते.

बटण नाही, दिशा

निन्टेन्डोचा २००१ चा ‘सुपर स्मॅश ब्रदर्स मेले’ या सगळ्यांहून वेगळा. त्यात साखळी तोडण्याचे बटण नाही. फटका बसल्यावर पात्र एका दिशेला उडते, आणि त्या वेळी कंट्रोलरवरची काठी ज्या दिशेला ढकललेली असेल त्यानुसार उडण्याचा मार्ग सुमारे १८ अंशांपर्यंत वळवता येतो. याला खेळाडू डीआय म्हणतात. काठी उडण्याच्या दिशेशी काटकोनात धरली तर वळण सर्वात जास्त.

१८ अंश थोडेच वाटतात, पण पुढचा फटका चुकवायला ते पुरतात. मारणाऱ्याला समोरचा कुठे पडेल हे ठाऊक नसते आणि त्याला तिथे आधीच पोहोचायचे असते. मार खाणाऱ्यालाही दोन हेतूंत निवड करावी लागते. जोराचा फटका येणार असेल तर मैदानाबाहेर न जाण्यासाठी एक दिशा हवी, आणि साखळी चालू राहणार असेल तर दूर निसटण्यासाठी दुसरी. अंदाज चुकला तर साखळीपासून वाचण्यासाठी धरलेली दिशाच मैदानाबाहेर घेऊन जाते.

जमिनीवर आपटण्याआधीही असाच पेच येतो. आपटण्याच्या आधीच्या २० चौकटींत बटण दाबले तर पात्र सावरून उठते आणि जागेवर, डावीकडे की उजवीकडे हे त्याला ठरवता येते. घाईने आधीच दाबले तर पुढच्या ४० चौकटी तो प्रयत्न बाद होतो. उठण्याच्या या तीन वाटा आणि न सावरता पडून राहण्याची चौथी, अशा चारांपैकी एक ओळखून मारणारा धावत जातो. उत्तम खेळाडू त्यातल्या काही वाटा नजरेने पकडतात आणि उरलेल्या सवयींवरून.

साखळी मुद्दाम सोडणे

मारणाऱ्याकडे आणखी एक फसवा डाव असतो, रीसेटचा. पुढच्या फटक्यांचा मार कमी होत जातो हे वर आलेच आहे. लांब कॉम्बोच्या शेवटच्या फटक्यांना फारसा अर्थ नसतो. म्हणून मारणारा साखळी पुरी करण्याऐवजी ती मध्येच सोडतो. मार खाणारा चक्रावलेला असताना तो अंगावरून दुसऱ्या बाजूला उडी घेतो किंवा जवळ जाऊन उचलून आपटतो. हा नवा फटका साखळीतला पुढचा नसतो, तर नव्या साखळीचा पहिला असतो. त्यामुळे मार पुन्हा पूर्ण वजनाने पडू लागतो.

रीसेट अंगलट येण्याचा धोका मारणाऱ्यालाच जास्त असतो. साखळी चालू ठेवली असती तर उरलेला मार खात्रीचा होता. तो सोडून त्याने समोरच्याला पुन्हा खेळात घेतलेले असते. तरीही रीसेट चालतो, कारण मार खाणाऱ्याचे लक्ष त्या क्षणी सैल पडलेले असते. आता साखळी संपेपर्यंत आपले काही काम नाही, असे तो समजून बसतो. म्हणून अनुभवी खेळाडू मार खातानाही अडवण्याच्या तयारीत राहतात आणि साखळी कोणत्या फटक्यावर तुटू शकते ते मोजत असतात.

मनाचे थर

या खेळाबद्दल लिहिणारे अमेरिकी खेळाडू आणि गेम रचनाकार डेव्हिड सर्लिन यांनी प्रतिस्पर्ध्याचे मन वाचण्याच्या थरांची मांडणी केली. जपानी खेळाडू या कौशल्याला योमी म्हणतात. मारणारा साखळी चालवतो, हा झाला पहिला थर. बचाव करणारा ती तोडतो. मारणारा तोडण्यावर हूल देतो. बचाव करणारा हूल ओळखून गप्प राहतो. आणि समोरचा गप्प राहणार असेल तर मारणाऱ्याने सरळ साखळीच चालवावी, म्हणजे गाडी पुन्हा पहिल्या थरावर येते. थर अनंत नसतात, त्यांचे वर्तुळ असते. म्हणून उत्तम खेळाडूंचे डोके इतरांपेक्षा चार थर पुढे चालत नाही. समोरचा आत्ता कोणत्या थरावर आहे, एवढेच त्यांना नेमके कळते.

मन वाचण्याच्या या कामात सर्वात जास्त माहिती घबराटीतून मिळते. एकदा लॉकआउट लागला की नवखा खेळाडू पुढच्या साखळीत हमखास घाईने बटण दाबतो, किंवा उलट संपूर्ण फेरीभर बटणाला हातच लावत नाही. दोन्ही सवयी मारणाऱ्याला आयत्या मिळतात. सलग दोन ब्रेकर यशस्वी झाले की आत्मविश्वास चढतो, आणि तिसऱ्या वेळी हुलीला बळी जाण्याची शक्यता वाढते. म्हणूनच चांगले खेळाडू मारतानाही समोरच्याच्या सुटकेच्या प्रयत्नांची वेळ लक्षात ठेवतात. त्याने लवकर दाबले की उशिरा, पहिल्या दुव्याला की शेवटच्या, हे त्यांना माहीत असते.

पट्टीत उरलेला एक बिंदू

सुटकेची सोय नसलेल्या गेममध्येही हाच पेच वेगळ्या रूपात दिसतो. २००४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ईव्हो स्पर्धेत ‘स्ट्रीट फायटर ३: थर्ड स्ट्राइक’चा एक सामना झाला. जपानचे दायगो उमेहारा केन हे पात्र घेऊन खेळत होते आणि अमेरिकेचे जस्टिन वाँग चुन-ली. निर्णायक क्षणी केनच्या पट्टीत जेमतेम ठिपक्याएवढा जीव उरला होता. या गेममध्ये विशेष फटका अडवला तरी थोडा जीव जातो. म्हणजे साधे अडवणेही उमेहारांना परवडणारे नव्हते. वाँग यांनी चुन-लीचा सुपर, म्हणजे अनेक लाथांचा जोरदार विशेष हल्ला, सोडला. तो अडवला तरी सामना संपला असता.

गेममध्ये पॅरी नावाची एक सोय आहे. फटका लागण्याच्या नेमक्या क्षणी मागे खेचण्याऐवजी काठी पुढे टेकवली तर जीव मुळीच जात नाही. वेळ चुकली तर फटका पूर्ण लागतो. पहिल्या लाथेची पॅरी साधायची तर सुपर येणार हे आधीच ओळखून काठी पुढे टेकवावी लागते, पाहून टेकवण्याइतका वेळच नसतो. उमेहारांनी ते ओळखले आणि एकामागोमाग एक लाथा झेलत गेले. शेवटची लाथ त्यांनी हवेत उडी घेऊन झेलली, आणि खाली येताच आपला कॉम्बो लावून फेरी जिंकली. सभागृहातला आरडाओरडा असलेली ती चित्रफीत फायटिंग गेमच्या इतिहासात सर्वात जास्त पाहिलेल्या क्षणांपैकी एक आहे. पुढे अंतिम सामन्यात उमेहारा हरले आणि जपानचेच केनजी ओबाता विजेते ठरले.

या प्रसंगात हात चपळ होते हे खरे. पण धोक्याच्या हिशेबाने पाहिले तर वाँग यांचा निर्णय वाजवी होता आणि उमेहारांपुढे दुसरा पर्यायच नव्हता. ज्याला गमावण्यासारखे काही उरलेले नाही तो सर्वात धाडसी वाट धरणार, हे ओळखणे हा वाचनाचाच भाग आहे.

सराव कसा होतो

असा बचाव अंगी बाणवण्यासाठी खेळाडू गेममधल्या सराव विभागात यंत्राला वेगवेगळ्या साखळ्या शिकवतात आणि यंत्राकडून त्या कोणत्याही क्रमाने वाजवून घेतात. मग पाहून तोडण्याच्या हालचाली आणि अंदाजाने तोडण्याच्या हालचाली वेगळ्या केल्या जातात. पहिल्यांचा सराव हात करतो. दुसऱ्यांसाठी खेळाडू आपल्याच हरलेल्या सामन्यांच्या चित्रफिती पुन्हा पाहतात आणि दोन गोष्टी तपासतात. बटण दाबले तेव्हा त्यामागे कारण होते की घबराट? आणि न दाबता राहिल्याने किती मार वाचला असता?

स्पर्धेत हा प्रकार आता गंभीरपणे घेतला जातो. चीनमधल्या हांगझोऊ इथे २०२३ मध्ये झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत ‘स्ट्रीट फायटर ५’ हा पदकाचा खेळ होता. त्याचे सुवर्ण दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वू यांनी वयाच्या चाळिशीनंतर जिंकले. नुसत्या बोटांच्या वेगावर हा खेळ चालत असता तर असे घडले नसते.

फायटिंग गेमचा सामना पाहताना बहुतेकांची नजर मारणाऱ्यावर खिळते. मार खाणाऱ्याने कोणत्या दुव्याला सुटण्याचा प्रयत्न केला, कोणत्या दुव्याला तो गप्प राहिला आणि पुढच्या साखळीत मारणाऱ्याने त्यावरून काय बदलले, एवढे पाहिले तरी सामन्याचा खरा कल कळतो. प्रत्येक फटका टाळायला धावणारा बचाव लवकर कोसळतो. कोणता मार खायचा आणि कोणत्या माराला पैज लावायची, हे ज्याला ठरवता येते त्याचाच बचाव भक्कम असतो.